नोकरीत असताना दिव्यांगत्व आले तर? पुन्हा कामावर रुजू होण्यासाठी कायदा आणि योजना

मजकूर अद्ययावत : जून २०२५

तुम्ही नोकरीवर होता. मग यंत्रात हात सापडला, किंवा दुचाकीवरून पडून पाठीचा कणा दुखावला, किंवा मधुमेहाने डोळे अधू झाले, किंवा मनाच्या आजारामुळे काही महिने घरी काढावे लागले. उपचार झाले. आता डॉक्टर म्हणतात, काम करायला हरकत नाही, पण पहिल्यासारखे जमणार नाही. अशा वेळी कार्यालयातून निरोप येतो : "एकदा येऊन कागदांवर सह्या करून जा."

शक्य असेल तर ही माहिती त्या सह्यांच्या आधी वाचा. सह्या झाल्या असतील तरीही वाचा, कारण यातल्या बऱ्याच गोष्टी नंतरही मागता येतात.

आधी कागद वाचून घ्या

दिव्यांगांच्या योजनांची माहिती बहुतेक ठिकाणी पेन्शनपासून सुरू होते. आपण सहीपासून सुरू करू. त्याला कारण आहे. मी बेंगळुरूत बनशंकरीला राहते आणि अशा योजनांची माहिती मराठीत आणण्याचे काम कंत्राटावर करते. माझे मामा निपाणीकडून इथल्या एका कारखान्यात कामाला आले होते. प्रेस मशीनवर त्यांची दोन बोटे गेली. दवाखान्यातून सुटल्यावर त्यांना बोलावून घेतले, हातात पंचवीस हजार रुपये ठेवले आणि इंग्रजीतल्या एका कागदावर सही घेतली. मामांना वाटले, ती पैशांची पावती आहे. तो राजीनामा होता. सरकारी माहितीत घरची गोष्ट फार सांगू नये, म्हणून एवढ्यावर थांबते.

तेव्हा, कागद कन्नडमध्ये किंवा इंग्रजीत असेल आणि तुम्हाला ती भाषा वाचता येत नसेल, तर "घरी नेऊन वाचून घेतो, दोन दिवसांत देतो" असे सांगा. असे म्हणणे हा काही गुन्हा नाही. कागदाचा फोटो काढा. त्यात 'राजीनामा', 'स्वेच्छानिवृत्ती', 'पूर्ण व अंतिम हिशेब', 'यापुढे कोणताही दावा नाही' अशा अर्थाचे शब्द आहेत का, हे भाषा जाणणाऱ्या माणसाकडून वाचून घ्या. सही करावीच लागली, तर सहीशेजारी आपल्या भाषेत "फक्त रक्कम मिळाली" असे लिहून तारीख टाका.

नोकरी सरकारी असेल तर

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. त्याचे कलम २०(४) तुमच्यासाठी सर्वांत महत्त्वाचे आहे. ते सांगते की, सेवेत असताना ज्याला दिव्यांगत्व आले त्या कर्मचाऱ्याला सरकारी आस्थापनेने नोकरीवरून काढायचे नाही आणि त्याचा दर्जाही कमी करायचा नाही. पूर्वीचे काम जमत नसेल तर त्याला दुसऱ्या पदावर घ्यायचे. पद बदलले तरी वेतनश्रेणी तीच आणि सेवेचे लाभही तेच. दुसरे पदही रिकामे नसेल तर त्याला 'अधिसंख्य पदा'वर ठेवायचे. योग्य पद मिळेपर्यंत किंवा निवृत्तीच्या वयापर्यंत, यांतले जे आधी होईल तोवर.

अधिसंख्य पद हा शब्द ऐकून घाबरू नका. मंजूर पदांच्या संख्येबाहेर, केवळ तुमच्यासाठी तयार केलेली जागा, एवढाच त्याचा अर्थ. "आमच्याकडे जागाच नाही" हे उत्तर कायद्याने आधीच गृहीत धरले आहे आणि त्यावर उपायही लिहून ठेवला आहे. त्यामुळे ते उत्तर मिळाले तर तिथे विषय संपत नाही.

'सरकारी आस्थापना' म्हणजे केवळ मंत्रालय किंवा विधानसौध नव्हे. कायद्याने स्थापन झालेली महामंडळे, सरकारी कंपन्या, महापालिका, जिल्हा परिषदा, तसेच सरकारच्या मालकीच्या, नियंत्रणाखालच्या किंवा सरकारी अनुदानावर चालणाऱ्या संस्था या सगळ्या त्यात येतात. म्हणजे महाराष्ट्राची एसटी, कर्नाटकची केएसआरटीसी, बेंगळुरूची बीएमटीसी, एचएएल, बीईएल, रेल्वे, राष्ट्रीयीकृत बँका. बसचालकाची नजर कमी झाली तर तो स्टिअरिंगवर बसू शकणार नाही, हे उघड आहे. पण डेपोत, भांडारात, चौकशी खिडकीवर त्याला काम देता येते, आणि पगार चालकाचाच राहतो.

हा नियम कागदावरच राहू नये म्हणून सर्वोच्च न्यायालयालाही बोलावे लागले आहे. कुणाल सिंग विरुद्ध भारत सरकार हा निकाल २००३ चा. विशेष सेवा दलातल्या या शिपायाच्या पायाला कामावर असताना इजा झाली, पुढे गँगरीन होऊन डावा पाय कापावा लागला, आणि 'सेवेसाठी असमर्थ' ठरवून त्याला घरी पाठवले गेले. दलाचे म्हणणे होते की, त्याला असमर्थता निवृत्तिवेतन मिळते, मग नोकरी कशाला? न्यायालयाने सांगितले की, निवृत्तिवेतन मिळते म्हणून कायद्याचे संरक्षण नाकारता येत नाही. त्या वेळी १९९५ चा कायदा होता आणि त्याचे कलम ४७ लागू झाले. आजचे कलम २०(४) त्याच कलमाची पुढची आवृत्ती आहे. तुम्हाला कोणी "पेन्शन घ्या आणि मोकळे व्हा" असे सुचवले, तर हा निकाल लक्षात ठेवा. पेन्शन घेणे हा पर्याय आहे, सक्ती नाही.

इथे एक अपवाद सांगायला हवा. १८ ऑगस्ट २०२१ च्या अधिसूचनेने केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांतली लढाऊ पदे कलम २० मधून वगळली आहेत. म्हणजे ज्या प्रकारच्या शिपायामुळे हा हक्क पक्का झाला, त्याच प्रकारच्या शिपायाला आज तो सरळ मागता येत नाही. तरीही त्याच वर्षी डिसेंबरमध्ये, रविंदर कुमार धारीवाल यांच्या प्रकरणात, मानसिक आजार असलेल्या केंद्रीय राखीव पोलीस दलाच्या अधिकाऱ्याला सर्वोच्च न्यायालयाने दिलासा दिला. आजारपणाशी जोडलेल्या वागणुकीबद्दल शिस्तभंगाची कारवाई करणे हा अप्रत्यक्ष भेदभाव आहे, असे न्यायालय म्हणाले. मानसिक आजारामुळे ज्यांच्यावर 'गैरहजेरी'ची किंवा 'गैरवर्तना'ची नोटीस निघाली आहे, त्यांनी हा निकाल वकिलाला किंवा संघटनेच्या प्रतिनिधीला जरूर दाखवावा.

कार्यालयाला द्यायचा अर्ज लांबलचक नको. खालचा मसुदा पुरतो. रिकाम्या जागी आपली माहिती भरा :

"मी … या पदावर … तारखेपासून कार्यरत आहे. … रोजी मला … प्रकारचे दिव्यांगत्व आले. वैद्यकीय कागदपत्रे सोबत जोडली आहेत. मी काम करू इच्छितो / इच्छिते. सध्याच्या पदाचे काम शक्य नसल्यास दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम २०(४) नुसार मला समान वेतनश्रेणीच्या अन्य पदावर सामावून घ्यावे, आणि असे पद उपलब्ध नसल्यास अधिसंख्य पदावर ठेवावे. तसेच कामासाठी … या सोयी आवश्यक आहेत."

अर्जातले "मी काम करू इच्छितो" हे वाक्य गाळू नका. उद्या वाद झाला तर हेच वाक्य सांगेल की नोकरी तुम्ही सोडली नव्हती. अर्ज आवक खिडकीवर द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख घ्या.

शेवटच्या ओळीतल्या 'सोयी' म्हणजे काय? कायद्यात यासाठी जो शब्द आहे त्याचे मराठी भाषांतर कुठे 'वाजवी समायोजन', कुठे 'वाजवी सोयीसुविधा' असे केलेले दिसते. दोन्ही शब्द मला जड वाटतात. साधी गोष्ट अशी आहे : तुम्हाला इतरांच्या बरोबरीने काम करता यावे यासाठी मालकावर अवाजवी भार न पडता करता येण्याजोगे बदल. तळमजल्यावर टेबल, संगणकावर पडद्यावरचे वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर, डायलिसिसच्या दिवशी वेळेत सूट, रात्रपाळीतून सुटका, खुर्चीची उंची. काय हवे ते नेमके लिहा. "योग्य त्या सोयी द्याव्यात" असे मोघम लिहिले की काहीच मिळत नाही.

नोकरी खासगी असेल तर

खरे सांगायचे तर इथे बाजू थोडी लंगडी आहे. कलम २०(४) खासगी मालकाला लागू नाही. २०२५ पर्यंत लागू असलेल्या औद्योगिक विवाद कायद्यातही, सततच्या आजारपणावरून नोकरी संपवली तर ती 'कामगार कपात' धरली जात नव्हती. पण म्हणून हात अगदीच रिकामे नाहीत.

पहिला आधार म्हणजे ईएसआय. साधारणपणे १० किंवा अधिक माणसे कामाला असलेल्या कारखान्यात किंवा दुकानात, महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेला कामगार या विम्यात येतो. दिव्यांग कामगारासाठी ही मर्यादा २५,००० रुपये आहे. तुमच्या पगारातून ०.७५ टक्के आणि मालकाकडून ३.२५ टक्के वर्गणी जाते. पगाराच्या चिठ्ठीवर ईएसआयची कपात दिसते का, ते पाहा. ठेकेदारामार्फत कामाला असाल तरी वर्गणीची जबाबदारी शेवटी मूळ मालकावर येते. मी स्वतः कंत्राटी असल्यामुळे हे वाक्य दोनदा तपासून लिहिले आहे.

कामावर अपघात झाला, तर पहिल्या दिवसाच्या नोकरीतही लाभ मिळतो. आधी किती वर्गणी भरली, हे पाहिले जात नाही. घरून कामावर जाताना किंवा परत येताना, कामाशी संबंध जोडता येईल असा अपघात झाला, तर तोही यात धरला जातो. अपघाताचा दिवस सोडून किमान तीन दिवस काम करता आले नाही, तर 'तात्पुरत्या अपंगत्वाचा लाभ' म्हणून सरासरी पगाराच्या ९० टक्के रक्कम मिळते, आणि तात्पुरते अपंगत्व असेपर्यंत मिळत राहते. हा लाभ चालू असताना, किंवा ईएसआयचे उपचार चालू असताना, मालकाने कामावरून काढू नये, असे २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९४८ च्या ईएसआय कायद्याचे कलम ७३ सांगत होते. त्या कलमानुसार अशा काळात दिलेली बडतर्फीची नोटीस ग्राह्य धरली जात नव्हती.

पुढची पायरी बहुतेक जण चुकतात. मामाही चुकले. जखम भरली, ९० टक्के बंद झाले, की माणसाला वाटते आता संपले. तिथून खरे तर 'कायम अपंगत्वाचा लाभ' सुरू व्हायला हवा. त्यासाठी ईएसआयच्या वैद्यकीय मंडळासमोर जावे लागते. मंडळ तुमची कमाई करण्याची क्षमता किती टक्के कमी झाली ते ठरवते. काही इजांचे टक्के कायद्याच्या परिशिष्टातच दिले आहेत : अंगठा पूर्ण गेला तर ३० टक्के, तर्जनी पूर्ण गेली तर १४, मधले बोट पूर्ण गेले तर १२. समजा सरासरी पगार दिवसाला ६०० रुपये होता आणि अंगठा गेला. ६०० चे ९० टक्के ५४० आणि त्याचे ३० टक्के १६२. म्हणजे ढोबळमानाने दिवसाला १६२ रुपये, महिन्याला पावणेपाच हजारांच्या आसपास.

ही रक्कम कायम अपंगत्व असेल तर आयुष्यभर मिळते, आणि तुम्ही पुन्हा कामाला लागलात म्हणून ती थांबत नाही. दुसऱ्या कारखान्यात पूर्ण पगारावर लागलात तरीही नाही. "कामाला लागलो तर ईएसआयचे पैसे जातील" या भीतीने बरेच जण घरी बसतात किंवा लपून काम करतात. कायम अपंगत्वाच्या लाभाबाबत ही भीती अनाठायी आहे.

वैद्यकीय मंडळाकडे पाठवण्याचा अर्ज तुमच्या ईएसआय शाखा कार्यालयात करता येतो. त्यात उशीर करू नका. अपघाताची नोंद मालकाने केलेली असणे महत्त्वाचे आहे. ती केली नसेल तर स्वतः शाखा कार्यालयाला लेखी कळवा आणि साक्षीदार, दवाखान्याचे कागद जोडा.

आजार कामामुळे झालेला नसेल, तर लाभाचे नाव बदलते. अर्धांगवायू, दोन्ही पाय निकामी होणे, स्किझोफ्रेनियासारखे मानसिक आजार धरून ३४ दीर्घकालीन आजारांत पगाराच्या ८० टक्के दराने विस्तारित आजारपण लाभ आहे. त्याची मुदत जास्तीत जास्त दोन वर्षांपर्यंत जाऊ शकते. आणि कामाबाहेरच्या इजेमुळे किमान ४० टक्के कायम असमर्थता येऊन नोकरी गेली, तर राजीव गांधी श्रमिक कल्याण योजनेत २४ महिन्यांपर्यंत भत्ता मिळू शकतो : पहिल्या वर्षी पगाराच्या ५० टक्के, दुसऱ्या वर्षी २५ टक्के. या दोन्हींसाठी आधी ठरावीक काळ वर्गणी भरलेली असावी लागते. कामावरच्या इजेने अपंगत्व आलेल्यांना ईएसआय नवे काम शिकण्यासाठी, म्हणजे व्यावसायिक पुनर्वसनासाठीही मदत करते. शाखेत हे आपणहून कोणी सांगेलच असे नाही. तुम्ही विचारा.

दुसरा आधार २०१६ च्याच कायद्यात आहे. कलम ३ दिव्यांगत्वाच्या कारणावरून भेदभाव करायला मनाई करते आणि ते खासगी मालकालाही लागू आहे. कलम २१ प्रमाणे प्रत्येक आस्थापनेने 'समान संधी धोरण' तयार करून प्रसिद्ध करायचे आहे. २० किंवा अधिक कर्मचारी असतील तर त्या धोरणात कोणती पदे दिव्यांगांना योग्य आहेत, कोणत्या सोयी दिल्या जातील आणि संपर्क अधिकारी कोण, हे सगळे असावे लागते. तुमच्या कंपनीकडे या धोरणाची प्रत मागा. कायद्याचे उल्लंघन झाल्यास पहिल्या वेळी १०,००० रुपयांपर्यंत, आणि नंतरच्या प्रत्येक वेळी ५०,००० ते ५ लाख रुपये दंडाची तरतूद आहे.

नोकरीवरून काढलेच, तर कामगार खात्याच्या सामोपचार अधिकाऱ्याकडे दाद मागता येते. बेंगळुरूत कामगार खात्याचे कार्मिक भवन डेअरी सर्कलजवळ, बन्नेरघट्टा रोडवर आहे. बनशंकरीहून ते फार लांब नाही.

दोन टक्केवाऱ्या, दोन कागद

इथे गोंधळ हमखास होतो. ईएसआय मंडळाने दिलेले टक्के कमाईच्या क्षमतेचे असतात. दिव्यांगत्व प्रमाणपत्रावरचे टक्के शरीराच्या किंवा मनाच्या मर्यादेचे असतात. दोन्ही वेगळे मोजले जातात आणि एक कागद दुसऱ्याच्या जागी चालत नाही. खालच्या बहुतेक योजनांसाठी किमान ४० टक्क्यांचे दिव्यांगत्व प्रमाणपत्र लागते. सरकारी मराठीत याला 'लक्षणीय दिव्यांगत्व' म्हणतात.

अर्ज स्वावलंबन कार्ड पोर्टलवर करायचा असतो. तिथूनच प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे वैश्विक ओळखपत्र, मिळते. २०२४ च्या सुधारित नियमांनुसार कार्डावर रंगाची पट्टी असते : ४० टक्क्यांच्या खाली पांढरी, ४० ते ८० मध्ये पिवळी, ८० आणि त्यापुढे निळी.

गाव सोडून बेंगळुरूत आलेल्यांचा नेहमीचा प्रश्न असतो की, प्रमाणपत्रासाठी गावी जावे लागेल का? नियम असा आहे की, अर्ज एकतर रहिवासाच्या पुराव्यावर जो जिल्हा आहे तिथे करता येतो, किंवा ज्या सरकारी रुग्णालयात त्या दिव्यांगत्वावर उपचार झाले किंवा चालू आहेत तिथे. म्हणजे आधार कार्डावर लातूरचा पत्ता असला आणि उपचार बेंगळुरूच्या व्हिक्टोरिया रुग्णालयात झाले असले, तर इथे अर्ज करण्याचा मार्ग खुला आहे. प्रमाणपत्र देशभर चालते. टक्केवारी पटली नाही तर अपील करता येते.

जुने काम होणारच नसेल तर : नवे काम शिकणे

केंद्रीय कामगार मंत्रालयाची 'दिव्यांगांसाठी राष्ट्रीय करिअर सेवा केंद्रे' आहेत. जुने लोक त्यांना व्हीआरसी म्हणतात. बेंगळुरूतले केंद्र होसूर रोडवर आहे, मुंबईतले शीवला. इथे तुमच्यात काय उरले नाही यापेक्षा काय उरले आहे हे पाहिले जाते : शारीरिक तपासणी, मानसशास्त्रीय चाचणी, हातकामाची चाचणी. त्यानंतर प्रशिक्षण, नोकरीसाठी शिफारस किंवा स्वयंरोजगारासाठी मार्गदर्शन. सेवा मोफत आहे. पहिल्याच भेटीत नोकरी हातात पडेल अशी अपेक्षा ठेवू नका, पण नाव नोंदवून ठेवा.

आपल्याकडे ही कल्पना नवी नाही. पहिल्या महायुद्धातल्या जखमी सैनिकांना हातचे काम शिकवण्यासाठी १९१७ मध्ये मुंबईत क्वीन मेरी टेक्निकल इन्स्टिट्यूट सुरू झाली. पुढे ती पुण्याजवळ खडकीला गेली आणि आजही दिव्यांग सैनिकांना प्रशिक्षण देते. पुण्यातले कृत्रिम अवयव केंद्र १९४४ चे. तिथे सैनिकांबरोबर सामान्य नागरिकांनाही कृत्रिम हातपाय बसवून मिळतात.

दिव्यांगजन सक्षमीकरण विभागाचा राष्ट्रीय कौशल्य प्रशिक्षण कार्यक्रम २०१५ पासून चालू आहे. त्याची नोंदणी पीएम-दक्ष पोर्टलच्या दिव्यांग विभागात होते. बेंगळुरूत याशिवाय काही जुन्या, अनुभवी संस्था आहेत : १९५९ पासून काम करणारी असोसिएशन ऑफ पीपल विथ डिसॅबिलिटी, १९९७ चे समर्थनम ट्रस्ट, १९९९ ची एनेबल इंडिया. दृष्टी गेल्यानंतर संगणकावर पुन्हा काम कसे करायचे, हे अशा संस्थांत शिकता येते. मानसिक आजारानंतर कामाची सवय परत लावण्यासाठी निम्हान्सचा पुनर्वसन विभाग आहे. तिथे बेकरी, शिवणकाम असे विभाग आहेत. सकाळी ठरल्या वेळी उठून कुठेतरी जायचे आहे, हा त्यातला निम्मा उपचार असतो.

खासगी नोकरी गेली आणि सरकारी भरतीचा विचार करत असाल, तर लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्यांसाठी ४ टक्के आरक्षण आहे. केंद्राच्या भरतीत वयाची सूट सर्वसाधारण गटाला १० वर्षे, इतर मागासवर्गीयांना १३ आणि अनुसूचित जाती-जमातींना १५ वर्षे मिळते. म्हणजे चाळिशीच्या जवळ असलात तरी दार बंद झालेले नसते.

स्वतःचा धंदा करायचा असेल तर राष्ट्रीय दिव्यांगजन वित्त आणि विकास महामंडळाची दिव्यांगजन स्वावलंबन योजना आहे : ५० लाखांपर्यंत सवलतीच्या व्याजाचे कर्ज. महाराष्ट्रात ते महाराष्ट्र राज्य दिव्यांग वित्त व विकास महामंडळामार्फत मिळते. कर्नाटकात छोट्या दुकानासाठी 'आधार' नावाची राज्याची योजना आहे. नावामुळे आधार कार्डाशी गल्लत होते, म्हणून कार्यालयात विचारताना "दिव्यांगांची कर्ज योजना" असेच म्हणा. राज्याच्या योजनांना त्या राज्यातल्या वास्तव्याची अट असते, तेवढी आधी पाहून घ्या.

काम करण्यासाठी साधन हवे असेल, म्हणजे व्हीलचेअर, श्रवणयंत्र, कृत्रिम पाय, तर केंद्राच्या एडिप योजनेत महिना २२,५०० रुपयांपर्यंत उत्पन्न असेल तर ते मोफत मिळते. ३०,००० पर्यंत असेल तर निम्मी किंमत भरावी लागते.

काम सुरू केले तर पेन्शनचे काय?

उत्तर पेन्शन कोणती यावर आहे. ईएसआयचा कायम अपंगत्व लाभ चालू राहतो, हे वर सांगितले. पण संजय गांधी निराधार अनुदान योजनेसारखे मासिक अनुदान उत्पन्नावर अवलंबून असते. महाराष्ट्रात दिव्यांगांसाठी ही मर्यादा कुटुंबाच्या वर्षाला ५०,००० रुपये उत्पन्नाची आहे. म्हणजे महिन्याला चार हजारांच्या थोडे वर. कोणत्याही नियमित नोकरीत ही मर्यादा ओलांडली जाते. म्हणून हिशेब कागदावर मांडा : पगार किती, जाण्यायेण्याचा खर्च किती, अनुदान किती जाईल. उत्पन्न लपवून दोन्ही घेण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, पुढे वसुली निघते. पण तीन महिन्यांच्या अनिश्चित कामासाठी कायमचे अनुदान सोडण्याचीही घाई करू नका. तहसील कार्यालयात आधी विचारून घ्या.

ऐकले नाही तर तक्रार कुठे?

सरकारी आस्थापनेत आधी तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे जा. कलम २३ प्रमाणे तो नेमलेला असावाच लागतो. तिथे समाधान झाले नाही तर दिव्यांग आयुक्त. आयुक्तांना साक्षीदार बोलावण्याचे, कागद मागवण्याचे दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत. त्यांनी शिफारस केली की संबंधित कार्यालयाने काय केले, हे तीन महिन्यांत कळवावे लागते. वकील लागतोच असे नाही आणि शुल्क नाही. हाताने लिहिलेली तक्रारही चालते.

कोणत्या आयुक्तांकडे जायचे, ते नोकरी कोणाची यावर ठरते. एचएएल, रेल्वे, बँक अशा केंद्राच्या संस्था असतील तर दिल्लीतले मुख्य आयुक्त. कर्नाटक सरकारच्या संस्था असतील तर बेंगळुरूतले राज्य आयुक्त. महाराष्ट्राच्या असतील तर पुण्यातले दिव्यांग कल्याण आयुक्तालय, ३, चर्च पथ.

बेळगाव, खानापूर, बिदर, भालकी, औराद भागातल्या मराठी वाचकांसाठी एक गोष्ट. कर्नाटकात ग्रामपंचायत पातळीवर ग्रामीण पुनर्वसन कार्यकर्ता आणि तालुक्याला बहुउद्देशीय पुनर्वसन कार्यकर्ता नेमलेले असतात. ग्रामीण कार्यकर्ते बहुधा स्वतः दिव्यांग असतात, त्यामुळे रांगेत तासभर उभे राहणे म्हणजे काय हे त्यांना समजवावे लागत नाही. अर्ज कन्नडमध्ये भरून देण्यासाठी त्यांची मदत मागा. बेंगळुरूत राज्याच्या दिव्यांग सक्षमीकरण संचालनालयाचे कार्यालय विश्वेश्वरय्या टॉवरमध्ये आहे. बनशंकरीहून मेट्रोच्या हिरव्या मार्गाने मॅजेस्टिकला जाऊन जांभळ्या मार्गावर गाडी बदलायची आणि विधानसौध स्थानकावर उतरायचे. स्थानकांवर लिफ्ट आहेत. जाताना यूडीआयडी कार्ड, आधार कार्ड, बँक पासबुक, नोकरीचे नियुक्तिपत्र किंवा पगाराची चिठ्ठी आणि प्रत्येकाच्या दोन दोन झेरॉक्स न्या. मूळ प्रत कोणाकडेही ठेवून येऊ नका.